बिडाच्या कारंज्यात कला कसली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्कॉटलंडमधल्या एडिंबरातल्या रॉस कारंज्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, आपल्या बेळगावच्या किल्ल्यात हातानं कोरलेली कमलबस्ती (जुनं जैन मंदिर) असताना साच्यातून काढलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मालाचं एवढं कौतुक कशाला, आणि वर तो भडक रंग!

कमलबस्तीबद्दल आपला वाद नाहीच. १२०४ सालचं ते छतातलं कमळ बघताना माझीही मान अवघडते. पण दगडाची पट्टी बिडाला लावू नका. बिडावर नक्षी कोरायला जाल तर टवका उडेल. वितळल्यावर मात्र ते बारीकशा खाचेतही शिरतं. म्हणून इथलं कोरीव काम ओतण्याच्या आधीच होतं. क्लागमान या फ्रेंच शिल्पकारानं मूर्ती घडवल्या, ड्युरेनच्या कारखान्यानं त्या ओतल्या आणि १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या.

'साच्यातून काढलं' म्हणजे सोपं झालं? आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एखाद्या जुन्या मोल्डरला (साचे बांधणाऱ्याला) विचारा की. जलपरीचा दुमडलेला हात, केसांच्या बटा असला पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा घेतात तो नमुना) वाळूतून सरळ वर उचलला तर साचाच फाटतो. मग साचा तुकड्यांत बांधायचा, मूर्ती पोकळ राहावी म्हणून आत कोअर, म्हणजे वाळूचा गाभा, बसवायचा. तो जरा सरकला की एका बाजूची भिंत पातळ, अन् माल भंगारात. शिवाय निवताना बीड साधारण एक टक्का आकसतं. तेवढा पॅटर्न आधीच मोठा धरायचा. हे सगळं सांभाळून केलेले १२२ भाग १८६९ मध्ये लीथ बंदरात उतरले आणि १८७२ मध्ये एकावर एक बसून उभे राहिले. एकाच नमुन्यातून दहा सिंह निघत असतील, पण म्हणून पहिला सिंह सोपा होत नाही.

(नाक मुरडणारे तुम्ही पहिले नाही बरं का. तिथल्या डीन रॅमसे या धर्मगुरूंनाही हे कारंजं किळसवाणं वाटलं होतं. त्यांचा राग उघड्या स्त्रीमूर्तींवर होता.)

रंगाचं म्हणाल तर तो निळसर हिरवा मलाही जरा जास्तच वाटतो. पण रंग हवाच. सतत ओल्या राहणाऱ्या बिडाला गंज धरतो, सांध्यात तो फुगतो, आणि बीड वाकत नाही, तडकतं. म्हणूनच २०१७-१८ च्या दुरुस्तीत अख्खं कारंजं सुटं करावं लागलं.

उद्यमबागेत ओळख असेल तर त्या दुमडलेल्या हाताची पार्टिंग लाइन (साच्याचे भाग जिथं जुळतात ती रेघ) कुठं घ्यायची, एवढं विचारून या. उत्तर इथंच लिहा, मलाही हवं आहे.