म्हशीचं काम

लातूरकडच्या शेतकरी घरात सोयाबीनच्या थप्पीवर चढून पोरं लहानाची मोठी होतात, पण ते खातात कसं असं विचारलं तर घरातले सगळे एकमेकांकडे बघतील. माझं सासर औशाजवळचं. जूनपासून दिवाळीपर्यंत तिथे पेरणी, पाऊस, पिवळा मोझॅक रोग आणि भाव एवढ्या चारच विषयांवर बोलणं होतं, आणि चारही विषय सोयाबीनचेच. रास झाली की कट्टे भरायचे, आडतीवर न्यायचे, 'मॉइश्चर जास्त आहे' हे ऐकून घ्यायचं, कमी पैसे घेऊन परत यायचं आणि पुढे आठवडाभर सरकारचा उद्धार करायचा. दाण्यातलं तेल गिरणीत निघतं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. स्वयंपाकघरात सोयाबीन येतं ते फक्त तेलाच्या पिशवीतून.

हा सुखाचा व्यवहार आमच्या कन्येने मोडला. ती बंगळूरला नोकरी करते. दिवाळीला पुण्याला घरी आली ती व्हीगन होऊन. दूध बंद, तूप बंद, मधसुद्धा बंद. माझं काही म्हणणं नव्हतं. आपल्याकडे इतके उपास चालतात, त्यात हा एक. पण ही पोरगी वाढली आहे दहीभातावर. दुसऱ्याच दिवशी जेवताना म्हणाली, "आई, दही मात्र पाहिजे गं. फक्त जनावराचं नको." जनावराचं नको म्हणजे ते आता माझ्याकडून अपेक्षित आहे, हे समजायला मला रात्र उजाडावी लागली.

दुकानात तसलं दही मिळतं. वाटीएवढी डबी. किंमत वाचून मी ती होती त्याच जागी, होती तशीच ठेवली आणि गावाकडे फोन लावला.

"भाऊजी, थोडं सोयाबीन पाठवता का?"

"किती कट्टे पाठवू, वहिनी?"

"पावकिलो."

पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं मला वाटलं.

आलं ते अर्थात पाच किलो. राशीवरून थेट आलेलं, त्यामुळे निवडताना काड्या निघाल्या, ढेकळं निघाली आणि शर्टाचं एक पांढरं बटण निघालं. रात्री भिजत घातलं. सोयाबीनचा दाणा कोरडा असताना गोल असतो आणि सकाळी चांगला लांबट झालेला असतो. इथवर सगळं गमतीचं होतं. मग सालं. माझं माहेर पेणचं, वाल सोलण्यात बालपण गेलेलं, तेव्हा सालांची भीती मला कुणी घालू नये. पण वाल सोलताना पुढे बिरडं मिळणार असतं. इथे पाण्यात चोळ चोळ चोळायचं, सालं वर आली की ओतून द्यायची, परत पाणी घ्यायचं, आणि पुढे काय मिळणार याची खात्री नाही.

सोयाबीनला एक कच्चट, हिरवट वास असतो. दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा लागली की आतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि हा वास तयार होतो. उकळत्या पाण्यात वाटलं तर ते विकर जागीच मरतं. शास्त्र बरोबर आहे. फक्त मिक्सरच्या भांड्यात उकळतं पाणी घालून बटण दाबलं की आत वाफ कोंडते आणि झाकण छताकडे निघतं, हे शास्त्रात खाली बारीक अक्षरात तरी लिहायला हवं. मी झाकण फडक्याने दाबून धरलं होतं म्हणून छत वाचलं. भिंतीवरच्या कालनिर्णयचं मात्र एकादशीपासून अमावास्येपर्यंत सगळं पांढरं झालं.

मग पंचातून गाळणं. कढत असतानाच पिळायचं, कारण निवलं की घट्ट होऊन बसतं. ते पिळताना तोंडातून जे जे निघालं ते व्हीगन होतं, एवढंच सांगते.

त्यानंतर उकळणं. गाईम्हशीचं दूध उतू जाण्यात एक सरळपणा असतो. हे दूध उकळायच्या किती तरी आधीच फेसाने फुगून वर येतं. झालं समजून गॅस बंद करावा, तर आत ते अजून कच्चंच. आणि कच्चं चालत नाही. सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते चांगलं उकळल्याशिवाय जात नाहीत. तेव्हा फेस काढा, गॅस बारीक करा, बुडाला लागू नये म्हणून ढवळत राहा, आणि चुकूनही खिडकीतून बाहेर बघू नका.

एवढ्यात सासूबाई आत आल्या.

"काय करायलीस गं सकाळधरनं?"

"सोयाबीनचं दूध काढतेय, आई."

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. पातेलं, पंचा, चोथ्याचा ढीग आणि माझं तोंड, या क्रमाने सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "आपली म्हैस बी सोयाबीनच खाती की. भुसकट घालतेत तिला. खाती, रवंथ करती अन् संध्याकाळी दूध देती. तिचं काम तिला करू दे की."

कन्येकडे याला उत्तर होतं. लांब होतं. ते सुरू असताना मी ढवळत होते आणि मनातून म्हशीच्या बाजूने होते. इतकी वर्षं ती गोठ्यात हे सगळं उभ्या उभ्या, मिक्सरशिवाय करत होती आणि कुणी तिला साधं 'दमलीस का' म्हणून विचारलं नव्हतं.

निवल्यावर दुधावर साय आली, तेव्हा सासूबाईंचा विरोध जरा मावळला. जपानात ही साय काढून 'युबा' म्हणून आवडीने खातात. आमच्याकडे त्यांनी ती कुणाला न विचारता रोजच्या सायीच्या डब्यात टाकली. तूप कढवायच्या दिवशी तूप होतं तेवढंच निघालं. बेरी मात्र कढईभर.

विरजणाची गोष्ट वेगळीच. घरचं विरजण कन्येला चालेना, तेही म्हशीचंच. मग हिरव्या मिरचीचे देठ कामाला आले, त्यांच्यावरही दही लावणारे जिवाणू असतात. दुधातल्या लॅक्टोज नावाच्या साखरेवर पोसणाऱ्या जिवाणूंना इथे लॅक्टोज सापडत नाही, म्हणून चमचाभर साखर घातली. कोमट असताना पातेलं पिठाच्या डब्यात ठेवलं. देठांचं पहिलं दही जरा उग्र निघतं. ते खायचं नाही, पुढच्याचं विरजण म्हणून वापरायचं. म्हणजे भिजवण्यापासून सगळं पुन्हा.

शेवटी लागलं. सुरीने कापावं इतकं घट्ट.

"छान लागलंय," अहो म्हणाले.

"खाऊन सांगा."

"हो, लागलंय छान."

कन्येने भातात कालवून निमूट खाल्लं, फक्त लोणचं तीनदा मागून घेतलं. सासूबाईंनी बोटाने चाखलं, डोळे मिटले. "शेंगंचा वास येतोय. राशीवर बसल्यागत वाटायलंय." आणि वाटी पुढे केली. या घरात त्या दह्याचं मनापासून कौतुक झालं ते एवढंच.

चोथ्याबद्दल फार लिहीत नाही. त्याची थालीपिठं झाली, वड्या झाल्या, धिरडी झाली. डबा भरताना अहो अगदी हळू आवाजात विचारू लागले, "आजपण?"

भाऊबीज झाल्यावर भाऊजींचा फोन. २०२५च्या त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि आडतीवर मिळाले ते त्याच्या बरेच खाली, त्यामुळे आवाज पडलेला.

"वहिनी, किलोचं दूध किती निघतं?"

"सहा-सात लिटर निघतं."

"अन् दुकानात ती डबी काय भावानं हाय?"

मी सांगितलं. पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. पुसलं असावं, कारण परत पहिल्यापासून वाजली.

"वहिनी, आई तिकडंच हाय ना अजून? सालं चोळायला तेवढीच मदत. दोन कट्टे टाकलेत रातच्या ट्रॅव्हल्सला. क्लीनरचा नंबर पाठवलाय बघा."