सही केली म्हणजे जहाजही गहाण पडलं?

सप्रेम नमस्कार. देशाच्या थकलेल्या कर्जापायी घानात जप्त झालेल्या अर्जेंटिनाच्या 'लिबर्ताद' या नौदलाच्या जहाजावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. एक चूक आधीच मान्य करतो. जहाज घानाच्या टेमा बंदरात सहा महिने अडकलं असं मी लिहिलं होतं. ते २ ऑक्टोबर २०१२ पासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे अडीच महिने अडकलं होतं. दुरुस्ती केली आहे.

पण "सही स्वखुशीने केली, आता रडगाणं कशाला? करारातलं कळत नसेल तर लिहू नये" हे आपलं वाक्य लागलं. मतभेद असू द्यात, पण ही काय बोलायची रीत झाली?

कळत नाही म्हणता, म्हणून सांगतो. कर्जरोखे काढतानाच्या १९९४ च्या करारात अर्जेंटिनाने न्यूयॉर्कचा कायदा आणि तिथली कोर्टं पत्करली, आणि परक्या कोर्टात सार्वभौम सरकारला मिळणारं संरक्षण सोडून दिलं. हे मी लेखातच लिहिलं होतं. २००१ च्या अखेरीस कर्ज थकलं. पुढे २००५ आणि २०१० मध्ये मिळून नव्वद टक्क्यांहून जास्त रोखेधारकांनी मोठी सूट देऊन नवे रोखे घेतले. एनएमएल कॅपिटल या गुंतवणूक फंडाने सूट नाकारली. त्यांनी रोखे पडत्या भावात घेतलेले, तरी मागणी पूर्ण दर्शनी किमतीची आणि वर व्याजाची! संरक्षण सोडून दिल्याच्या त्या कलमावर बोट ठेवून त्यांनी घानाच्या राजधानीतल्या, अक्राच्या कोर्टातून जप्तीचा हुकूम मिळवला. जप्ती कशावर, तर नौदलाच्या पोरांना शिकवणाऱ्या शिडाच्या जहाजावर. त्यावरचा वीस वर्षांचा छात्र करार झाला तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याने कुठे सही केली होती?

हा माझा भाबडेपणा म्हणाल. पण हॅम्बुर्गच्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १५ डिसेंबरला जहाज सोडायला सांगितलं, आणि २०१३ मध्ये खुद्द घानाच्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करी मालमत्तेवरची अशी जप्ती चुकीची ठरवली. करार त्यांच्याही समोर होता.

आणि स्वखुशीचं मला शिकवू नका. माझ्या वडिलांनी मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. मित्र गाव सोडून गेला. मी सातवीत होतो. बेलीफ ओसरीवर बसून यादी करत होता: कपाट, सायकल, भिंतीवरचं घड्याळ. आईच्या शिवणयंत्रापाशी आला तेव्हा आईने पायपट्टीवरचा पाय काढला नाही. शेजारचे वकीलकाका धावत आले आणि म्हणाले, कारागिराचं हत्यार जप्त होत नाही. बेलीफ म्हणाला, यांनी सगळ्यावर लिहून दिलंय. काका म्हणाले, दिलं असेल, पण ते लिहून देणंच बाद. यंत्राच्या नावावर काट मारली गेली. कर्ज फेडायला पुढे नऊ वर्षं लागली, आम्ही ते फेडलं. कर्ज बुडवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. काही वस्तू सही करूनही देता येत नाहीत, एवढंच म्हणतोय.

व्याजदर, बाजाराचा विश्वास, "हे कलम नसेल तर स्वस्तात कर्ज कोण देणार", हे तुमचे बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत, त्यात शिरत नाही. पण वकील असल्याचं तुम्ही दोनदा लिहिलंत. मग काय जप्त होत नाही ते सांगणारं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०, आणि ती सूट सोडून देणारा करारच बाद ठरवणारं त्यातलं पोटकलम (१अ), मला तुम्हाला सांगावं लागायला नको होतं.