तीन राज्यांचा रस्ता आणि ३७ लिटरची टाकी

बेळगावहून भावाचा फोन आला की हल्ली निम्मं बोलणं गाडीवर जातं. तो औषध कंपनीत आहे. चिक्कोडी, निपाणी, कोल्हापूर, चंदगड, खाली सावंतवाडी आणि मधूनमधून गोवा, असा त्याचा एरिया. आधीची गाडी डिझेलची होती, टाकी ४२ लिटरची. ती विकून त्याने पेट्रोलची हॅचबॅक घेतली, तिची टाकी ३७ लिटरची. "अक्का, सोमवारी टाकी फुल्ल केलो की बुधवारी परत पंपच शोधूलालोय," हे त्याचं रोजचं दुखणं. काकांचं मत नेमकं उलटं. "पाचशेचं टाकायचं आणि फिरायचं. टाकी भरतंय कोण? आता तर पावलापावलाला पंप झालेत." घरात दोन तट पडलेत आणि मी लांब ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये बसले आहे म्हणून दोघंही मलाच विचारतात, की तुमच्याकडे काय असतं, सांग.

तर सांगते. माझ्या मते भावाचं बरोबर आहे. तो चिडतो किलोमीटरवरून, पण त्याचं नुकसान त्याहून मोठं झालंय. पेट्रोल कुठे घ्यायचं आणि कधी घ्यायचं, हे आपण ठरवायची मुभा त्या पाच लिटरांत होती. सीमाभागातल्या माणसाला ती इतरांपेक्षा जास्त लागते.

हे त्याच्या एकट्याच्या गाडीचं नाही. २०११ ची स्विफ्ट ४२ लिटरची होती, २०१८ पासून ती ३७ वर आली. वॅगनआर ३५ ची ३२ झाली, सेलेरिओ ३५ ची ३२. ग्रँड आय-टेनची टाकी ४३ होती, नंतरच्या नियॉसची ३७. क्रेटा ५५ वरून ५० वर आली. आल्टो ८०० मध्ये ३५ लिटर मावायचं, आताच्या आल्टो के-टेनमध्ये २७ मावतं. कंपनी वेगळी, मॉडेल वेगळं, पण दिशा एकच.

यावर शोरूममधलं उत्तर ठरलेलं असतं: मायलेज वाढलंय, मग टाकी कशाला मोठी हवी? नव्या स्विफ्टचं कागदावरचं मायलेज लिटरला २४.८ किलोमीटर आहे. त्याला ३७ ने गुणलं की नऊशेच्या वर आकडा जातो आणि गिऱ्हाइकाचं तोंड बंद होतं. रस्त्यावर काय होतं? एसी लावून, चार माणसं बसवून, संकेश्वर-चंदगडचे रस्ते तुडवून भावाला सोळा मिळतात. त्यात टाकी शेवटच्या थेंबापर्यंत कुणी वापरत नाही, वापरूही नये. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. सारखी गाडी रिझर्व्हवर चालवली की तो तापतो आणि आयुष्य कमी होतं. म्हणजे हाताशी खरे तीस-बत्तीस लिटर, पाचशे किलोमीटर. जुनी डिझेल गाडी वीसचं मायलेज द्यायची, रिझर्व्ह सोडून ती साडेसातशेच्या आसपास जायची. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच बंद केल्या, इतरांनीही छोट्या डिझेल गाड्या कमी केल्या. डिझेलवरून पेट्रोलवर आलेल्या माणसाला एकाच वेळी दोन फटके बसले, मायलेजचा आणि टाकीचा.

कंपन्यांची अडचण मला कळते. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांची लांबी त्या रेघेवर अडली आहे. तेवढ्यातच मागच्या माणसाचे गुडघे मावले पाहिजेत, डिकीत बॅगा मावल्या पाहिजेत, आणि टाकी असते मागच्या सीटखाली. शिवाय वजन. धुराचे आणि इंधनाचे निकष कडक होत गेले तसा इंजिनिअर एकेक किलो मोजू लागला. हे सगळं मान्य. पण दहा लिटर पेट्रोलचं वजन साडेसात किलो भरतं. नऊशे किलोच्या गाडीत ते एक टक्काही नाही. आणि मोठी टाकी दिली म्हणून ती रोज गच्च भरलीच पाहिजे असं थोडंच आहे? काकांनी पाचशेचंच टाकावं, त्यांच्या गाडीला ते वजन लागणारच नाही. जागेचं म्हणाल, तर ब्रेझाही चार मीटरच्या आतच आहे आणि तिला ४८ लिटरची टाकी आहे. व्हेन्यू, सॉनेट ४५ च्या. उंच गाडीत जागा थोडी जास्त मिळते हे खरं, पण मिळवायचं ठरवलं की मिळते. हॅचबॅक घेणारा शहरातच फिरणार, असं कुणीतरी ठरवून टाकलंय.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, उसापासूनही बनणारं. या विषयावर मी जपून बोलते, कारण माझं माहेर उसावर जगलेलं आहे. चिक्कोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, सगळा उसाचा पट्टा. कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळाले तर उसाचं बिल वेळेवर निघायची आशा असते, आणि थकलेलं बिल म्हणजे काय हे आमच्या घराने बघितलंय. त्यामुळे इथेनॉलला माझा विरोध नाही. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के ऊर्जा गेली. इंजिन ई-२० साठी, म्हणजे अशा वीस टक्केवाल्या पेट्रोलसाठी बनवलेलं असेल तर थोडंफार भरून निघतं, जुन्या गाडीत नाही. ३७ लिटरची टाकी भरली तरी आत साडेचौतीस लिटर पेट्रोलाएवढीच ताकद असते. लिटरमधली ताकद कमी होणार हे सरकारला आणि कंपन्यांना आधीपासून माहीत होतं. मग टाकी वाढायला हवी होती. त्याच वर्षांत ती आटली, हे मला अजिबात पटत नाही.

आता सीमेचं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा भाग समजावून सांगावा लागतो. बेळगावातून निघालं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो, चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा, निपाणीपुढे कोगनोळी ओलांडली की पुन्हा महाराष्ट्र. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून भावही वेगळा. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क कमी केलं, लगोलग कर्नाटकानेही सात रुपये उतरवले. महाराष्ट्राने आपला कर कमी केला जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात पेट्रोलमध्ये लिटरमागे आठ-दहा रुपयांपर्यंत फरक होता. कोगनोळीच्या अलीकडच्या पंपांवर तेव्हा एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या गाड्यांची रांग लागायची. पुढे जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा कर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला, लिटर तीन रुपयांनी महागलं आणि तो फरक पुष्कळ आटला. गोव्यात मात्र आमच्यापेक्षा स्वस्तच राहिलं. सीमेवरचा माणूस हे सगळं तोंडपाठ ठेवतो. कुठे भरायचं याचा हिशेब तो घरातून निघतानाच करतो, आणि तो हिशेब जमायला टाकीत जागा लागते. चाळीस लिटर बसत असेल तर स्वस्त राज्यातलं पेट्रोल महाग राज्यातून जाऊन परत येईपर्यंत पुरतं. तीस बसत असेल तर काटा खाली येईल तिथे, मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं.

पेट्रोलच्या दरापेक्षा मला विश्वासाची बाब मोठी वाटते. सुट्टीला गेले की मी भावाबरोबर फिरते, तेव्हा बघते. त्याचे पंप ठरलेले आहेत: एक निपाणीकडे, एक टिळकवाडीत, एक गोव्यात साखळीच्या बाजूला. नवख्या पंपावर तो गाडीतून उतरतो, पोरगा "झिरो बघा" म्हणाला तरी स्वतः जाऊन आकडा बघतो, पाचशेऐवजी पाचशे दहाचं सांगतो, नळी बाहेर निघेपर्यंत हलत नाही. तोवर मागचे हॉर्न वाजवतात. बहुतेक पंप प्रामाणिक आहेत, पण एकदा हात पोळलेला माणूस ओळखीचा पंप सोडत नाही. लहान टाकी त्याला ओळखीच्या पंपापर्यंत पोचू देत नाही.

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन आम्ही गोव्याहून रात्री चोर्ल्याने वर येत होतो. साखळीचा ठरलेला पंप बंद झाला होता. केरी सोडली आणि घाट चढायला लागलो तोच पिवळा दिवा लागला. पुढे कणकुंबीपर्यंत नुसतं जंगल, पाऊस असा की वायपर पुरे पडेना, आणि फोनला रेंज नाही. पेट्रोल वाचावं म्हणून भावाने एसी बंद केला. त्यामुळे काचांवर वाफ धरली. आई पुढे बसून पदराने काच पुसत होती, पुसली की पुन्हा धूसर. तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. आम्ही पोचलो, काही झालं नाही. पण सत्तरीच्या बाईला अशा रात्री काच पुसत बसायला लागावं, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

पर्थमध्ये काय असतं, ते आता. इथे मी टोयोटाची हायब्रिड चालवते, टाकी ५५ लिटरची, गाडी सहज हजार किलोमीटर जाते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्युएलवॉच. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २००१ मध्ये ही व्यवस्था सुरू केली. प्रत्येक पंपाने उद्याचा भाव आज दुपारी दोनपर्यंत कळवायचा, सकाळी सहाला तो लागू होतो आणि पुढचे चोवीस तास बदलता येत नाही. दुपारनंतर फोनवर बघायचं, उद्या महागणार असेल तर आजच भरायचं. गेली काही वर्षं मंगळवारी स्वस्त आणि बुधवारी महाग असं चक्र आहे, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी पंपांवर रांगा असतात. तिथे मोठी टाकी असलेला आठवडाभर निर्धास्त होतो. बेळगावात भाव बदलतो राज्य ओलांडल्यावर, इथे दिवस उलटल्यावर. टाकीचा उपयोग दोन्हीकडे सारखाच.

गावाबाहेर पडलं की इथलं अंतर आपल्या कल्पनेबाहेरचं. पूर्वेला नलरबोरच्या ओसाड माळावरच्या रस्त्यावर नॉर्समनहून निघालं की बॅलाडोनिया जवळजवळ १९० किलोमीटरवर, तिथून कायगुना आणखी १८० च्या वर. मधे काही नाही. पण पुढचं पेट्रोल किती किलोमीटरवर आहे याच्या पाट्या आधीच लागतात. तिथल्या रोडहाउसचा, म्हणजे आडरस्त्यावरच्या पंप-खानावळीचा भाव शहरापेक्षा फार चढा असतो, आणि तो द्यावाच लागतो. पेट्रोल संपलं तर इथलं रानही दयामाया दाखवत नाही, त्यामुळे परदेशात सगळं सुखाचं असं मी म्हणणार नाही. फक्त संकट कुठे आहे ते आधी सांगितलेलं असतं.

आणि काकांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीच स्विफ्ट पर्थमध्येही विकली जाते आणि तिची टाकी इथेही ३७ लिटरचीच आहे. त्यावर कुणी चिडलेलं मी ऐकलं नाही. ती घेणारा गावातल्या गावात फिरतो, उद्याचा भाव त्याला आज माहीत असतो, आणि मापाची शंका त्याच्या मनात येत नाही. आपल्याकडे मात्र तीच छोटी गाडी घरातली एकमेव गाडी असते. ऑफिसला तीच, लग्नाला तीच, देवाला तीच, रात्री दवाखान्यात न्यायलाही तीच. तिच्याकडून मोठ्या गाडीचं काम घेतलं जातं, हे बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. सीमाभागात तर आडनाव एका राज्यात, शेत दुसऱ्यात, लेक दिलेली तिसऱ्यात, अशी घरंच्या घरं आहेत. त्यांना शहरी गिऱ्हाईक समजून चालत नाही.

जीएसटीत पेट्रोल आणून भाव एक करा असं भाऊ म्हणतो. मलाही ते हवंय, पण दोन्हीकडची सरकारं ते उत्पन्न सोडतील असं दिसत नाही. त्यापेक्षा हाताशी असलेलं मागू. जाहिरातीत मायलेजचा आकडा जेवढा मोठा असतो तेवढ्याच टाइपात टाकीचा आकडा छापावा. हॅचबॅकमध्ये निदान वरच्या एका मॉडेलला पाच-सात लिटर जास्तीची टाकी द्यावी, दोन-चार हजार जास्त घ्यावेत. सनरूफला पैसे मोजणारे लोक त्यालाही मोजतील. चोर्ला, अनमोड आणि तिलारी या तिन्ही घाटांच्या तोंडाशी, वर आणि खाली, पुढचा पंप किती किलोमीटरवर आणि तो रात्री उघडा असतो का, एवढं लिहिलेली पाटी लावावी. मराठीत, कन्नडमध्ये आणि कोकणीत. तिला टाकी बदलायला लागत नाही, कायदा लागत नाही, दोन खांब आणि एक पत्रा लागतो. खानापूर आणि चंदगडच्या लोकप्रतिनिधींकडे ही मागणी लेखी द्यायला मी भावाला सांगितलंय, गोव्याच्या बाजूला साखळीतही. मजकूर मी इथून लिहून पाठवते आहे, सह्या तो गोळा करणार आहे. पहिली सही काकांची घ्यायची असं ठरलंय.