पंधरा विरुद्ध सात हा हिशोब का फसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फिनिश आणि पोलिशच्या तुलनेवर तुमचे तीन आक्षेप आहेत. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती, पोलिशमध्ये सातच. तरी मराठी माणसाला फिनिशचं व्याकरण लवकर आपलंसं वाटतं असं मी लिहिलं. पोलिश आपल्याच इंडो-युरोपीय कुळातली, त्याचा फायदा मी धरला नाही. आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था दोन्ही भाषांना सारखेच, सुमारे ११०० तास लावते. पोलंडमधल्या क्राकोवला नोकरीसाठी निघालेल्याने सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारलं आहे.

तासांचं आधी. तो आकडा इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्गांवरून आला आहे. नामाला प्रत्यय लागतात आणि मूळ शब्द बदलतो, ही गोष्टच त्यांना नवी असते. आपल्याला नसते, म्हणून तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता विभक्ती. किती विभक्ती आहेत यापेक्षा एका विभक्तीचे किती प्रत्यय पाठ करायचे, ते मोजा. फिनिशमध्ये तालो म्हणजे घर, तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. नाम कोणतंही असो, हे प्रत्यय तेच. शब्दातल्या स्वरांशी मेळ राखायला 'स्सा'चा 'स्सॅ' होतो, एवढंच. अनेकवचनात मध्ये 'इ' येतो: तालोइस्सा. लिंगभेद मुळीच नाही. पंधरांपैकी सहा विभक्ती 'आत, आतून, आतमध्ये (जाणं)' आणि 'वर, वरून, वरती (जाणं)' अशा स्थळाच्या आहेत, आणि तीन बोलण्यात ठरावीक शब्दप्रयोगांपुरत्याच भेटतात. वेसी म्हणजे पाणी, वेदेस्सॅ म्हणजे पाण्यात. हे आपलं सामान्यरूपच झालं. 'घराच्या मागे' याच क्रमाने तालोन ताकाना होतं, 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे मिनुल्ला ओन किर्या, आणि 'घरात राहणारा माणूस' हे तालोस्सा आसुवा मिएस. नातं नसलेल्या भाषेची वाक्यरचना इतकी ओळखीची निघावी, याचा आनंद शिकणाऱ्याने जरूर घ्यावा.

पोलिशची एकटी षष्ठी पाहा, तीही फक्त एकवचनात. भाऊ: ब्रात, ब्राता. टेबल: स्तुव, स्तोवु. स्त्री: कोब्येता, कोब्येती. खिडकी: ओक्नो, ओक्ना. पुल्लिंगी निर्जीव नामाला 'आ' की 'उ' लागेल याचा भरवशाचा नियम नाही (टेबलाला 'उ', पण पावाला 'आ': ख्लेबा). म्हणून प्रत्येक नाम षष्ठीसकटच पाठ करावं. अनेकवचनाचे प्रत्यय पुन्हा निराळे, विशेषणांचे आणखी निराळे. सातच्या आकड्यात हे काहीच दिसत नाही.

संख्यांचंही तसंच. फिनिशमध्ये एक सोडून कुठल्याही संख्येपुढे नाम अंशवाचक (म्हणजे 'काही अंश' दाखवणाऱ्या) विभक्तीच्या एकवचनात जातं: काक्सी तालोआ दोन घरं, साता तालोआ शंभर घरं. पोलिशमध्ये 'दोन'ची द्वा, द्वाय, द्व्ये ही रूपं आपल्याला जड जाऊ नयेत, कारण दोन, दोघे, दोघी आपण रोज वापरतो. अडचण पाचापासून पुढे येते. नाम षष्ठी अनेकवचनात जातं आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होतं, जणू 'पाच बायकांचं आलं'. बावीस, तेवीस, चोविसाला नाम परत प्रथमेत येतं. बारा ते चौदाला मात्र येत नाही. चुका सर्वांत जास्त इथे होतात.

कुळाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. न्येबो म्हणजे नभ, व्दोवा म्हणजे विधवा, ब्रात म्हणजे भ्राता. भूतकाळात 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांसारखाच पोशेदवेम आणि पोश्वाम असा भेद आहे. पण असे ओळखीचे शब्द लवकर संपतात. (फिनिशमधला 'साता'सुद्धा फार जुन्या काळी इंडो-इराणीकडून आलेला, आपल्या 'शत'चा नातलग.) पोलिशचा खरा फायदा वेगळा आहे: उनिवेर्सितेत, रेस्ताउरात्स्या, तेलेफोन, कोम्पुतेर हे शब्द न शिकता कळतात. फिनिशमध्ये त्यांच्या जागी युलिओपिस्तो, राविन्तोला, पुहेलिन, तिएतोकोने. सगळं नव्याने पाठ करायचं. पहिल्या वर्षानंतर फिनिश जड वाटू लागते ती यामुळे, विभक्तींमुळे नव्हे.

फिनिशमध्ये मराठी माणूस आणखी दोन ठिकाणी अडखळतो. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो काटेकोर, पण बोलताना लांबीवर अर्थ सहसा ठरत नाही. तिथे ठरतो: तालोन म्हणजे घराचं, आणि 'ओ' लांबवून तालोओन म्हटलं की घरामध्ये (जाणं). तुली आग, तूली वारा, तुल्ली जकात. जोडाक्षर आपल्याला जमतं, लांब स्वर राहून जातो. तो मोठ्याने म्हणून घटवावा. दुसरी अडचण बोलीची. पुस्तकातलं 'मिनॅ ओलेन' (मी आहे) बोलताना 'मॅ ओओन' होतं. फक्त पुस्तकावर विसंबलेल्याला दुकानातलं बोलणं कळत नाही, म्हणून ऐकण्याचा सराव बोलीचा ठेवा, तोही सुरुवातीपासून.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच कठीण आहे: क्रिया पुरी झाली की चालू आहे, हे दाखवणं. फिनिश ते कर्माच्या प्रत्ययातून दाखवते: लुएन किर्याआ म्हणजे पुस्तक वाचतोय, लुएन किर्यान म्हणजे वाचून काढीन. पोलिश त्यासाठी क्रियापदच बदलते: चिताम, प्शेचिताम. 'वाचणं' आणि 'वाचून काढणं' हा फरक मनात ठेवला की दोन्ही समजतात. नकार आला की दोन्ही भाषा कर्माचं रूप बदलतात, हे मात्र विसरलं जातं.

क्राकोवला जाणाऱ्याने आधी च-श नीट करावेत: 'चमचा'तला च, 'चिमणी'तला च, आणि जीभ ट च्या जागेकडे मागे नेऊन म्हटलेला तिसरा च. मग षष्ठी, कारण दो क्राकोवा (क्राकोवला), स क्राकोवा (क्राकोवहून), नकार आणि पाचापुढच्या संख्या या सगळ्यांना तीच लागते. त्यानंतर द्वितीया, मग 'मध्ये'ची विभक्ती: फ क्राकोव्ये. क्रियापद वहीत नेहमी जोडीने लिहा, पिसाच (लिहिणं) आणि नापिसाच (लिहून काढणं) एकाच ओळीत. अनोळखी माणसाला 'ती', म्हणजे 'तू', म्हणू नका. पुरुषाला पान, स्त्रीला पानी, आणि क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनात.