भावाची माया आणि वकिलाचे पत्र

बहिणीने वडिलोपार्जित जमिनीत वाटा मागणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली लागण आहे, असे ठणकावून सांगणारे एक व्याख्यान गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत होते. वक्ते निवृत्त मुख्याध्यापक, वाणी रसाळ, आणि सभा आमच्याच तालुक्याच्या गावातली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, इंग्रजांच्या देशात भाऊ-बहीण एकमेकांशी वकिलामार्फत बोलतात, आपल्याकडे बहीण भावाला ओवाळते. तिने कायद्याचा आधार घेतला की माहेर तुटते, म्हणून शहाणी मुलगी हक्कसोडपत्रावर हसतमुखाने सही करते. खाली जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागली होती आणि त्यांत माझ्या सख्ख्या चुलतभावांचेही हात होते. मी त्याच इंग्रजांच्या देशात, कॉव्हेंट्रीत राहते. वकिलामार्फत बोललेले एक भाऊ-बहीण मला चांगलेच ठाऊक आहेत आणि म्हणूनच मला अधिक संताप आला, कारण त्या गोष्टीत वकील बहिणीने आणलेला नव्हता.

बहिणीचे नाव मेरी ॲन इव्हान्स. वाचक तिला जॉर्ज एलियट या नावाने ओळखतात. तिचे वडील आर्बरी इस्टेटीचे कारभारी होते आणि तिचे बालपण न्यूनीटनजवळच्या ग्रिफ हाउसमध्ये, थोरला भाऊ आयझॅक याच्या मागे मागे धावण्यात गेले. १८४१ मध्ये आयझॅकचे लग्न झाले, घर त्याच्याकडे गेले आणि वडील अविवाहित धाकटीला घेऊन कॉव्हेंट्रीच्या फोल्सहिल भागात राहायला आले. त्याच फोल्सहिल रोडवर मी शनिवारी मेथी आणि कढीपत्ता आणायला जाते. पुढच्याच वर्षी तिने चर्चला जाण्यास नकार दिला, तेव्हा वडिलांनी घर मोडण्याची धमकी दिली आणि भावाला काळजी पडली ती हिला आता स्थळ कसे मिळणार याची. शेवटी तडजोड झाली: तिने चर्चमध्ये जाऊन बसायचे, मनात काय विचार करायचा तो करायचा. १८४९ मध्ये वडील वारले तोवर त्यांची शुश्रूषा तिनेच केली.

पुढे १८५४ पासून ती लंडनचे लेखक जॉर्ज हेन्री लुईस यांच्याबरोबर राहू लागली. लुईस यांची पत्नी हयात होती. तिला दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या मुलांना त्यांनी आपले नाव दिलेले असल्यामुळे घटस्फोटाची वाट बंद झालेली होती. १८५७ मध्ये तिने भावाला पत्र लिहून, मला नवरा आहे, असे कळवले आणि वडिलांनी तिच्यासाठी ठेवलेल्या पैशाचे उत्पन्न यापुढे लुईस यांच्या खात्यावर भरावे अशी विनंती केली. आयझॅकने स्वतः उत्तर लिहिले नाही. कुटुंबाच्या सॉलिसिटरकडून विचारणा आली की, विवाह केव्हा आणि कोठे झाला. तिने खरे ते कळवले, आणि भावाने तिच्याशी असलेला संबंध तोडला. बहिणींनाही तोडायला लावला. त्यांपैकी ख्रिसी या विधवा बहिणीने फेब्रुवारी १८५९ मध्ये मरणपंथाला लागलेली असताना, आपण पत्रे थांबवली याचे दुःख वाटते, असे कळवले आणि मार्चमध्ये ती गेली.

गावात याला वाळीत टाकणे म्हणतात. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, परंतु तो जातपंचायतीच्या बहिष्कारासाठी आहे. भावाने फोन उचलणे बंद केले तर त्यावर कोणताच कायदा चालत नाही, ना सातारा जिल्ह्यात ना वॉरिकशायरमध्ये. मुख्याध्यापकांना हे सांगायला हवे होते की ज्या नात्याचा ते एवढा गौरव करतात ते नाते धाक घालण्याच्या कामीही तितकेच येते, आणि ही युक्ती आपली एकट्याची नाही.

लागण म्हणावी तर तीही उलट दिशेची आहे. इंग्लंडात १९२५ च्या कायद्याने बदल होईपर्यंत, मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाची जमीन थोरल्या मुलाकडे जात असे. आजही इथला बाप मृत्युपत्र करून सज्ञान, कमावत्या मुलीला पूर्णपणे वगळू शकतो आणि तिच्या हाती फारसे काही राहत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क, ही गोष्ट इथल्या कायद्याला ठाऊकच नाही. ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये केली, आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. त्याही आधी हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे ज्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा देताना एक कारण म्हणून सांगितले त्या डॉ. आंबेडकरांचे नाव घेतल्यावर तरी पाश्चात्त्य लागणीची भाषा घशात अडकायला हवी होती. इथे निदान बरेच लोक मृत्युपत्र करून ठेवतात. आमच्याकडे ते करायला सांगितले की म्हातारा म्हणतो, माझ्या मरणाची घाई झाली का.

एलियटबाईंनी १८६० मध्ये प्रसिद्ध केलेली ‘द मिल ऑन द फ्लॉस’ ही कादंबरी मी आमच्या भागातल्या वाचनालयातून पहिल्यांदा आणली आणि मला वाटले की हे लोक तर माझ्या आजोळचे आहेत. सेंट ऑग्ज हे नदीकाठचे गाव, टुलिव्हर नावाचा गिरणीमालक, त्याची मुले टॉम आणि मॅगी, आणि मॅगीच्या आईकडच्या, म्हणजे डॉडसन घराण्याच्या बहिणी. आमच्या घराण्यात हॅम अशीच मुरवतात, अंत्यविधीला असेच वागतात, इतरांचे सगळे चूक. टुलिव्हरचे दिवाळे निघते तेव्हा या मावश्या जमतात आणि बहिणीची टेबलक्लॉथे व चिनी मातीची भांडी लिलावात कोणी घ्यायची याची चर्चा करतात, आणि ती बिचारी आपल्या माहेरचे नाव घातलेले कापड परक्याच्या घरी जाणार म्हणून रडते. इथे हसू येते खरे, पण भांड्यांवर नावे घालणाऱ्या समाजातल्या बाईला फार वेळ हसवत नाही.

मला मात्र त्या कादंबरीत सर्वांत मोलाची वाटते ती तीनशे पौंडांची गोष्ट. टुलिव्हरची बहीण ग्रिटी मॉस एका कफल्लक शेतकऱ्याला दिलेली, पदरी आठ मुले, आणि नवऱ्याने मेहुण्याकडून घेतलेले तीनशे पौंड थकलेले. स्वतःला गरज पडल्यावर टुलिव्हर घोड्यावर बसून ते मागायला जातो, निष्ठुर व्हायचे ठरवूनच जातो, पैसे उभे करा असे बजावतो आणि परत निघतो. वाटेत त्याला मॅगी आठवते. मी आज माझ्या बहिणीशी कठोर झालो तर उद्या टॉमही मॅगीशी असाच होईल, या धास्तीने तो घोडा वळवतो आणि दारात रडणाऱ्या बहिणीला, पैशाचे राहू दे, म्हणून सांगतो. पुढे त्याला झटका येऊन तो अंथरुणावर पडतो, तेव्हा टॉम वडिलांची ही इच्छा होती म्हणून त्या कर्जाचा कागद नष्ट करवतो. टॉम दुष्ट नाही, हे इथे ध्यानात ठेवावे. वडिलांचे कर्ज फेडण्यासाठी तो आपले तारुण्य घालवतो. दिलेला शब्द तो पाळतो. बहिणीची बाजू ऐकून घेणे मात्र त्याला जमत नाही.

तोच टॉम, मॅगी आपल्या मावसबहिणीचा होणारा नवरा मानल्या जाणाऱ्या स्टीफन गेस्टबरोबर नावेतून दूर गेली आणि लग्न न करता परत आली तेव्हा, माझ्या घरात तुला जागा नाही, असे तिला दारातच सांगतो. ज्या आईची आयुष्यभर सर्वांनी थट्टा केली ती आई शाल घेऊन मुलीबरोबर निघते. मॅगी लग्न करून, चांगली वस्त्रे घालून परतली असती तर गावानेच या प्रकरणात प्रणयकथा पाहिली असती, हे एलियटबाई अतिशय शांतपणे, जवळजवळ सभ्यपणे सांगतात आणि त्यामुळे ते जास्त लागते. आणि ती जी खत्रुड ग्लेगमावशी, जिच्याशी टुलिव्हरचे भांडण जन्मभर मिटले नाही, ती सर्वांना चकित करून भाचीच्या बाजूने उभी राहते. आपल्या रक्ताच्या माणसाबद्दल पुरावा मिळेपर्यंत वाईट मानायचे नसते आणि आसरा आपणच द्यायचा असतो, असा तिचा नियम. मृत्युपत्रातही ती भांडणामुळे कोणाचा वाटा कापणारी नव्हे. मुख्याध्यापक ज्याला कुटुंबसंस्था म्हणतात तिची खरी वकिली ग्लेगमावशीने केली आहे. त्यांनी भाऊबीजेऐवजी तिचे उदाहरण दिले असते तर मीही हात जोडले असते.

आयझॅकने तेवीस वर्षांनी पत्र लिहिले. लुईस वारल्यानंतर १८८० च्या मे महिन्यात एलियटबाईंनी, साठाव्या वर्षी, आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या जॉन क्रॉस यांच्याशी चर्चमध्ये रीतसर विवाह केला, आणि लगेच भावाचे अभिनंदन आले. तिने मायेने उत्तर दिले. माझे प्रेम कधी तुटलेच नव्हते, असे लिहिले. ती तर त्याआधीच भावावर सुनीते लिहून बसली होती आणि त्यांत, पुन्हा बालपण मिळाले तर मी धाकटी बहीण म्हणूनच जन्म घेईन, असे म्हणून चुकली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती गेली तेव्हा आयझॅक हायगेटला अंत्यविधीस हजर होता. मला त्याचा राग येतो, आणि तिचा अधिक येतो. एवढी बुद्धिमान बाई, युरोपभर नाव झालेली, आणि भावाच्या चार औपचारिक ओळींनी विरघळते!

परंतु राग येण्याचा मला किती अधिकार आहे, हेही सांगितले पाहिजे, कारण हक्कसोडपत्रावर मी स्वतः सही केलेली आहे. वडिलांच्या मागे, सुट्टीत गेले असताना, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा टेकवून आणि फोटो काढून ते झाले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. जमीन मला नकोच होती. मला हवे होते ते ओसरीवर चप्पल काढताना आतून कोणीतरी ‘आत्या आली’ म्हणून ओरडणे, आणि या देशात इतकी वर्षे काउन्सिल टॅक्स भरूनही तसा आवाज कोणी देत नाही. त्या आवाजाची किंमत मागितली गेली, ती परवडत होती, मी दिली. गावात अजून माझे कौतुक होते की बघा, विलायतेत राहून बहिणीने सोडून दिले आणि साडीचोळीवर समाधान मानले. हे कौतुक मात्र मला सोसत नाही, कारण त्याचा उपयोग इथे नसलेल्या, दुसऱ्या एखाद्या गरजू बहिणीविरुद्ध होतो, जिला तो वाटा खरोखर परवडत नाही सोडायला.

माझ्या भावाला एक मुलगा आणि एक मुलगी आहे. व्याख्यानावरून आमचे फोनवर बोलणे झाले तेव्हा मी त्याला टुलिव्हर आणि त्याच्या बहिणीची गोष्ट सांगितली आणि भाचीकडून कधी सही मागू नकोस, असे म्हटले. तो म्हणाला, “ताई, तिकडे बसून तुला सोपे आहे. ऊस लावायला आणि रात्रीची पाण्याची पाळी धरायला तुम्ही बहिणी येणार आहात का?” हा प्रश्न टॉमनेही विचारला असता आणि तो खोटा नाही. मी म्हटले, कष्टाचा हिशेब वेगळा मांडा, जो कसतो त्याने खंड द्यावा, पण नाव उताऱ्यावर राहू द्या. त्यावर, तिच्या लग्नाला येशील तेव्हा बोलू, असे म्हणून त्याने विषय संपवला. भाची सध्या बारावीत आहे आणि तिला लग्नाआधी कायद्याचे शिक्षण घ्यायचे आहे, तेव्हा हे बोलणे आणखी काही वर्षे तरी लांबणार.