सबमिशन उद्या आहे? मग आज कशाला!

ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बाइंड केलेला रिपोर्ट, उद्या द्यायचंय आणि एक ओळही लिहिलेली नाही? घाबरू नका, अख्खी रात्र पडलीये.

सर्वप्रथम, 'डेट वाढेल' यावर अढळ श्रद्धा ठेवा. आपल्या सीनियरांनी ठेवली होती. 2020 मध्ये राज्य सरकार म्हणालं, अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोतच. मंडळींनी पुस्तकं रद्दीला काढली आणि 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, परीक्षेशिवाय पदवी नाही. पण तोवरचे महिने कसे सुखात गेले!

अपराधीही वाटून घेऊ नका. 2017 साली मुंबई विद्यापीठाने पेपर संगणकावर तपासायला घेतले आणि निकाल इतके रखडले की ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना घरी पाठवलं. खुद्द विद्यापीठच आपल्या पंथातलं.

टाइमटेबल जरूर बनवा, रंगीत स्केचपेननी. त्यात एक दिवस आरामात जातो.

केटी लागलीच, म्हणजे विषय राहिलाच, तर ती पुढच्या सेमची काळजी.

आणि प्रोजेक्टसाठी असा ग्रुप शोधा ज्यात एक तरी घाबरट असेल. विषय ठरवताना सगळ्यात जास्त तुम्ही बोला, 'एआय टाकू रे त्यात'. जानेवारीत 'होईल', फेब्रुवारीत 'होतंय', मार्चमध्ये 'झालंच समज'. गाइडसमोर घाबरटाच्या मागे उभं राहून मान डोलवा. आदल्या रात्री 'दहा मिनिटांत पाठवतो' लिहून फोन बंद करा. पहाटे चारला चॅप्टर पाठवा. प्रोजेक्ट हजेरीचा आणि चॅप्टरमध्ये रक्तपेढी, वर भलत्याच कॉलेजचं नाव, तेही न खोडलेलं! एक्सटर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, नेमकं तेच पान उघडलं की शेजारच्याकडे असं बघा, जणू त्यानेच लिहिलंय. बाहेर आल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणा, 'बघ, उगाच टेन्शन घेत होतास. झालं ना सगळं?'

झालं? आपोआप काही झालं नाही, मी केलं. कोड मी लिहिला, डायग्राम मी काढले, सरांच्या शिव्याही मीच खाल्ल्या. तू रील्स पाठवत होतास. ऑनलाइन दिसत होतास रे, आंधळा नाहीये मी. आणि वर रेझ्युमेत 'टीम लीड'? लाज कशी वाटत नाही? ते काढ आधी. बाइंडिंगचे तुझ्या वाट्याचे पैसेही अजून आलेले नाहीत. 'पाठवतो' असा मेसेज नकोय मला. पाठव.