दिवसभर नुसता बोलणारा रेडिओ

पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरले आणि घोट्याला प्लास्टर बसलं. सहा आठवडे खाट. आठवडाभरातच फोनवर बघून बघून डोळे चुरचुरायला लागले. म्हणून गेल्या शुक्रवारी ठरवलं, पहाटेपासून रात्रीपर्यंत एकच स्टेशन लावायचं आणि काही झालं तरी बदलायचं नाही. ब्रिटनचं बीबीसी रेडिओ 4, फोनवरच, पण नुसतं ऐकायचं. गाणी जवळजवळ नाहीतच, जाहिराती अजिबात नाहीत. माणसं बोलतात आणि आपण ऐकतो.

सुरुवात केली पहाटे 5 वाजून 18 मिनिटांनी. तिकडे तेव्हा रात्रीचे 12 वाजून 48 मिनिटं झालेले असतात आणि जहाजांसाठी हवामानाचा अंदाज लागतो. गोव्यातल्या आमच्या सावईवेऱ्यात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू अजून वाजायचा होता, पागोळ्या गळत होत्या, आणि कानात एक शांत आवाज समुद्राच्या एकेका भागाचं नाव घेत होता. व्हायकिंग, फोर्टीज, डॉगर, जर्मन बाइट. असे एकूण 31 भाग. प्रत्येकासाठी वारा कुठून, जोर किती, पाऊस आहे का, किती दूरचं दिसेल, एवढंच. एक शब्द जास्त नाही. त्यात फिट्झरॉय असाही एक भाग आहे. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाच्या कप्तानाचं हे नाव. 1859 च्या वादळात रॉयल चार्टर नावाचं जहाज शेकडो माणसांसकट बुडालं, तेव्हा या माणसाने तारेने वादळाचे इशारे धाडायची व्यवस्था उभी केली. आपण इतक्या लांब, त्या समुद्राशी आपला काडीचा संबंध नाही, तरी त्या अंधारात कुणीतरी कुणाची तरी काळजी घेतंय हे ऐकताना माझा गळा दाटून आला. आपल्याकडे सध्या यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद आहे, 31 जुलैपर्यंत. पण ऑगस्टमध्ये त्या पुन्हा समुद्रात जातील तेव्हा मासेमाराच्या घरातल्यांना असाच एक आवाज, कोंकणीतून, ठरल्या वेळी ऐकू यायला हवा असं फार वाटलं.

साडेदहाला त्यांची सकाळ उजाडते. ‘टुडे’ हा बातम्यांचा कार्यक्रम 1957 पासून चालू आहे. मंत्र्याला प्रश्न विचारतात, त्याने बगल दिली की तोच प्रश्न पुन्हा विचारतात. आवाज चढत नाही. दुपारी अडीचला ‘वुमन्स अवर’, 1946 पासूनचा. त्याचा पहिला निवेदक पुरुष होता! मुंबई आकाशवाणीचं वनिता मंडळ आठवणाऱ्या बायकांना हा कार्यक्रम पहिल्या पाच मिनिटांत आपला वाटेल. मधले एकदोन कार्यक्रम मला जड गेले, एक तर मुळीच आवडला नाही. पण स्टेशन बदललं नाही.

मला सांगायचंय ते हेच. फोन मला आवडतं तेच पुन्हा पुन्हा पुढ्यात आणून ठेवतो. रेडिओला माझी आवड ठाऊक नाही. म्हणूनच त्या दिवशी मी न मागितलेल्या कितीतरी गोष्टी ऐकल्या, आणि त्यातल्या निम्म्या अजून डोक्यात घोळताहेत.

रात्री साडेदहाला तिकडचे सहा वाजले, बिग बेनचे टोल पडले. साडेअकराला ‘द आर्चर्स’. एका काल्पनिक गावाची ही श्रुतिकामालिका 1 जानेवारी 1951 पासून देशभर चालू आहे. महायुद्धानंतर अन्नाची टंचाई होती, तेव्हा शेतकऱ्यांना नव्या पद्धती कळाव्यात म्हणून सरकारी शेतीखात्याचा सल्ला घेऊन ती सुरू झाली. गोष्टीतून शेती शिकवायची!

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. गोव्याइतकं बोलणाऱ्या रेडिओचं मोल कुणाला कळावं? 1955 ते 1961 सरहद्दीवरच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीजांपासून गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, कोंकणी आणि पोर्तुगीजमधून. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत जे छापायची सोय नव्हती ते लोक दारं लावून ऐकत. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय विमानांनी बांबोळीचं रेडिओ केंद्र निकामी केलं, आणि दुसऱ्या दिवशी लिबियाबाईंनी विमानातून, ध्वनिवर्धकावरून, गोवा मुक्त झाल्याचं जाहीर केलं. आवाजाची एवढी पुण्याई असलेली ही भूमी आहे.

आणि आज? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, आकाशवाणीचीच बातमीपत्रं लावायची. म्हणजे गंभीर बोलायचं तर ते आकाशवाणीनेच. तिच्याकडे 1988 पासून रात्रभर चालणारी एक राष्ट्रीय वाहिनी होती, नागपूरहून प्रक्षेपित होणारी. ती बंद करण्यात आली. खर्च वाचला असेल. रात्रपाळीचा पहारेकरी, इस्पितळात उशाशी बसलेला माणूस, झोप न येणारे म्हातारे, यांचं काय वाचलं?

मला पूर्ण दिवस बोलणारी एक वाहिनी हवी आहे. गोव्यासाठी कोंकणी आणि मराठी दोन्हींतून, भाषेचं भांडण बाहेर ठेवून. अर्धा तास सुपारीच्या कोळेरोगावर, बोर्डो मिश्रण कधी आणि कसं फवारायचं ते स्वतः फवारणाऱ्याने सांगितलेलं. तियात्रातल्या, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकातल्या, नटाची सावकाश मुलाखत. खाणी बंद पडल्यावर ट्रकवाल्यांच्या घरी काय झालं ते त्यांच्याच तोंडून. आणि रोज एक श्रुतिका. बाबांनी पोस्टातून लायसन काढून रेडिओ घेतला होता, दर वर्षी पैसे भरून. ऐकण्यासाठी पैसे मोजणारी माणसं होती ती. आजही आहेत.

एक राहिलं. संध्याकाळी साडेसातला बागकामाच्या शंकांचा कार्यक्रम लागला होता, 1947 पासून चालू असलेला. आईला इंग्रजी येत नाही, मी वाक्यावाक्याला सांगत होते. एका बाईंच्या रोपांची पानं गोगलगायी खात होत्या. तज्ज्ञ मंडळी उत्तर देत होती तोवर आई फणसाच्या आठळ्या सोलता सोलता थांबली आणि फोनकडे बघून म्हणाली, “तिका सांग, चुलींतलो गोबर घाल म्हूण.” गोबर म्हणजे आमच्याकडे राख. मी म्हटलं, आई, त्यांना आपलं ऐकू येत नाही. ती म्हणाली, मग आपल्या रेडिओवर सांग.